मोटारीचा हीटर थंड कां फुंकतो?

मिरा-भाईंदरसारख्या खाडीकांठच्या शहरांत राहणाऱ्या कुटुंबास मोटारींतील हीटरची आठवण व्हावी, असें वरवर पाहतां कांहींच कारण दिसत नाहीं. एका अंगास वसईची खाडी, दुसऱ्या अंगास उत्तनचा समुद्र आणि मध्यें मिठागरें; अशा ठिकाणीं पौष-माघांतहि रात्रीचें उष्णमान १५ अंशांच्या फारसें खालीं क्वचितच उतरतें. एरव्हीं तर गाडींत बसतांच हात जातो तो गारव्याच्या बटणाकडे. त्यामुळें डॅशबोर्डावरील तें तांबड्या खुणेकडे वळणारें चाक वर्षानुवर्षें कोणी हलवीत नाहीं. परंतु नाताळच्या सुटींत काशीमिऱ्याच्या नाक्यावरून सहकुटुंब निघालेली गाडी घोडबंदर रस्त्यानें ठाणें व भिवंडी मागें टाकते, कसाऱ्याचा घाट चढते आणि उत्तररात्रीं नाशिकच्या पुढें निफाडच्या बाजूस पोहोंचते, तेव्हां निराळाच अनुभव येतो. निफाडास कित्येक हिवाळ्यांत पहांटेचें उष्णमान ५ अंशांच्याहि खालीं गेलेलें आहे. इकडे महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठल्याची वार्ता तर दर एक-दोन वर्षांनीं वाचावयास मिळते. मागच्या बाकावर आजी शाल लपेटून बसलेल्या, वहिनींच्या मांडीवर तान्हें मूल. कोणी तरी तें चाक तांबड्या टोकास फिरवितो, पंखा पूर्ण सोडतो, आणि झरोक्यांतून येतो तो बाहेरच्यासारखाच थंडगार वारा!

अशा वेळीं बहुतेक मंडळी झरोके बंद करतात, पिशवींतले स्वेटर काढतात आणि "आपल्याकडे हीटर लागतो कोणाला?" असें म्हणून प्रवास पुढें चालू ठेवतात. आमचें सांगणें आहे कीं, ही गोष्ट इतक्यावर सोडूं नये. हीटर हा गाडीवर वरून चढविलेला दागिना नव्हे. तो इंजिनाच्या पाण्यावर चालतो, आणि तो थंड फुंकूं लागला म्हणजे त्या पाण्याचें कांहीं तरी बिनसलें असण्याचा बराच संभव असतो. थंडीवर शालीचा उपाय आहे; पाण्यावांचून तापलेल्या इंजिनावर नाहीं. घाटांत, अंधारांत, वडील माणसें व मुलें बरोबर असतां गाडी बंद पडणें म्हणजे काय, हें ज्यांनीं एकदां भोगलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको. म्हणून हा थंड वारा कोठून येतो आणि त्याचा शोध घरच्या घरीं कितपत घेतां येतो, याचा विचार येथें करूं.

ऊब येते कोठून?

हीटर म्हणजे विजेची शेगडी असावी, अशी पुष्कळांची समजूत असते. पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतींत ती बहुतांशीं खरी नाहीं. इंजिनांत जें इंधन जळतें, त्याच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश उष्णताच चाकें फिरविण्याच्या कामीं येते. जवळजवळ तेवढाच हिस्सा धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूच्या भिंतींत शिरतो. ही उष्णता तेथेंच सांठूं दिली तर थोड्याच वेळांत दट्टे अडकून बसतील. म्हणून त्या भिंतींच्या पोटांत पाण्याचे मार्ग ठेवलेले असतात. एक लहानसा पंप तें पाणी सतत फिरवितो. पुढच्या जाळीमागें असलेल्या रेडिएटरांत तें निवतें आणि पुन्हां इंजिनांत येतें.

या फिरत्या पाण्याचा एक फांटा दोन रबरी नळ्यांच्या वाटे डॅशबोर्डाच्या मागें नेलेला असतो. तेथें बारीक नळ्यांचा व पातळ पत्र्यांचा, एखाद्या जाड पुस्तकाएवढा दुसरा रेडिएटर बसविलेला असतो. गॅरेजमध्यें त्यास हीटर-कोर किंवा हीटरची कॉइल म्हणतात. जुन्या घरांतला तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस ही रचना समजावयास अवघड नाहीं. बंबांत मधल्या नळींत निखारे असत आणि सभोंवतालचें पाणी त्यांच्या आंचेनें तापे. येथें आंतल्या नळ्यांत तापलेलें पाणी असतें आणि बाहेरून जाणारी हवा त्याच्या आंचेनें तापते. पंखा ती हवा आपल्या पायांवर किंवा कांचेवर सोडतो. अमेरिकेंतील नॅश कंपनीनें १९३८ सालीं बाहेरची ताजी हवा गाळून, इंजिनाच्या गरम पाण्यानें तापवून आंत सोडण्याची योजना आपल्या गाड्यांत आणली. आजच्या हीटरचें तत्त्व तेंच आहे. जी उष्णता एरव्हीं वाऱ्यावर उधळून द्यावयाची, तिचाच थोडा अंश कुटुंबाच्या उपयोगीं लावावयाचा, इतकाच हा प्रकार.

या व्यवस्थेस दोन दारें आहेत, आणि त्यांची ओळख असल्यावांचून पुढील परीक्षा समजणार नाहीं. पहिलें दार पाण्याच्या वाटेवरचें. त्यास थर्मोस्टॅट म्हणतात. गॅरेजमध्यें नुसतें "वॉल्व्ह" म्हटलें तरी पुष्कळदां तोच अभिप्रेत असतो. त्यांत मेणाची एक लहानशी डबी असते. इंजिन थंड असतां हें दार मिटलेलें राहतें व पाणी रेडिएटरांत न जातां इंजिनांतल्या इंजिनांतच फिरून लवकर तापतें. उष्णमान सामान्यतः ८० ते ९० अंशांच्या घरांत आलें कीं मेण वितळून फुगतें आणि दार उघडतें. दुसरें दार हवेच्या वाटेवरचें. डॅशबोर्डावरचें चाक तांबड्याकडे फिरविलें म्हणजे आंतली एक फळी सरकते आणि हवा हीटर-कोरवरून जाऊं लागते. निळ्याकडे फिरविलें म्हणजे ती कोरला बगल देऊन येते. कांहीं गाड्यांत या फळीच्या जोडीस नळीवर पाण्याची तोटीहि असते. गारव्याचें यंत्र याहून अगदीं निराळें आहे. दोघांचा पंखा मात्र एकच. म्हणून पंखा जोरानें वाहतो यावरून हीटर धड आहे, असें अनुमान काढूं नये.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हा सारा प्रकार नसतो. त्यांत ऊब विजेच्या तापकानें किंवा उष्णता-पंपानें उत्पन्न करतात. त्यांतील विजेचा दाब प्राणघातक असल्यामुळें तेथें घरीं हात न घालतां गाडी कंपनीच्या कार्यशाळेंतच न्यावी.

घरीं करावयाची परीक्षा

प्रथम गाडीस थोडा अवधि द्यावा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करून लगेच ऊब मागणें म्हणजे बंब पेटवितांच आंघोळीस बसण्यासारखें आहे. पांच-दहा मिनिटें गाडी चालवावी. डिझेलच्या इंजिनास याहून अधिक वेळ लागतो. गारव्याचें बटण बंद करावें, चाक पूर्ण तांबड्याकडे न्यावें, पंखा मध्यम ठेवावा आणि उष्णमानाच्या कांट्याकडे पाहावें. कित्येक नव्या गाड्यांत कांटा नसून इंजिन थंड असेपर्यंत निळा दिवा आणि फाजील तापल्यावर तांबडा दिवा लागतो. कांटा मध्यावर येऊन स्थिरावला, किंवा निळा दिवा मालवला, तरी वारा थंडच असेल, तर दोष आहे असें समजावें.

यानंतरची परीक्षा पाण्याची. ती मात्र गाडी पूर्ण थंड झाल्यावरच, शक्य तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं करावी. बॉनेट उघडतांच एका बाजूस अर्धपारदर्शक लहान टाकी दिसते. तींत हिरवा, तांबडा किंवा निळा द्रव असतो. त्यास कूलंट म्हणतात. टाकीवर वरची व खालची अशा दोन खुणा असतात, आणि द्रव त्यांच्या दरम्यान असावा लागतो. ज्या गाड्यांच्या रेडिएटरास निराळें झांकण असतें, त्यांत तें झांकण उघडूनहि पाहावें. पुष्कळदां टाकींत द्रव दिसतो आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो.

येथें एक सूचना आम्ही अत्यंत आग्रहानें करतों. तापलेल्या इंजिनाचें झांकण कोणत्याहि कारणानें उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें, आणि त्या दाबामुळें तें १०० अंशांच्या वर गेलें तरी उकळत नाहीं. प्रेशर कुकरची शिटी वाजत असतां झांकण उघडण्याचा प्रयत्न घरांतील कोणतीहि शहाणी बाई करणार नाहीं. रेडिएटरची गोष्ट तीच. झांकण सैल होतांच दाब नाहींसा होतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर व हातांवर येते. ओला फडका घेऊन झांकण फिरविणारे वीर रस्तोरस्तीं दिसतात. त्यांचें अनुकरण करूं नये.

पाणी कमी झालें तर हीटर थंड कां पडावा? पुष्कळ गाड्यांत हीटर-कोर या मार्गांतील उंच जागांपैकीं एका जागीं असतो. पाणी उणें झालें कीं आंत शिरलेली हवा वर चढते आणि कोरमध्यें जाऊन बसते. इंजिनास अजून पुरेसें पाणी मिळत असतां हीटर आधींच कोरडा पडतो. म्हणजे इंजिनास त्रास होण्यापूर्वीं हीटर वर्दी देतो. उष्णमानाच्या कांट्यावर या कामीं सर्वस्वीं विसंबून राहतां येत नाहीं, कारण त्याचा संवेदक पाण्यांत बुडालेला असेल तरच तो खरें सांगतो. पाणी फार ओसरून संवेदक उघडा पडला, तर इंजिन भाजत असतांहि कांटा खालीं राहूं शकतो. चांगला ऊन वारा देणारा हीटर वाटेंत एकाएकीं थंड पडला, तर कांटा कांहींहि सांगो, गाडी सुरक्षित जागीं थांबवावी व इंजिन बंद करावें.

दोन नळ्यांची साक्ष

पाणी पुरेसें आहे आणि तरीहि वारा थंड आहे, अशा वेळीं बॉनेटखालून डॅशबोर्डाच्या भिंतींत शिरणाऱ्या त्या दोन रबरी नळ्यांची साक्ष घ्यावी. गाडी तापवून आणावी, हीटर चालू ठेवून थोडा वेळ जाऊं द्यावा, मग इंजिन बंद करून दोन्ही नळ्यांस बोटांनीं हलकेच स्पर्श करावा. ओढणी, पदर, सैल बाह्या यांस फार जपावें. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद केल्यावरहि आपोआप फिरूं लागतो.

दोन्ही नळ्या सारख्याच कढत लागल्या, तर पाणी कोरपर्यंत नीट जाऊन परत येत आहे. दोष हवेच्या दाराचा आहे. चाकापासून फळीपर्यंत जाणारी तार चापांतून निसटलेली असते, किंवा फळी फिरविणाऱ्या लहानशा मोटारचा प्लॅस्टिकचा दांता तुटलेला असतो. दुसऱ्या प्रकारांत चाक फिरवितांना डॅशबोर्डामागें टक् टक् असा आवाज येतो. तार निसटणें हा तर किरकोळ दोष आहे. गॅरेजमध्यें ती पुन्हां चापांत बसविली कीं काम होतें. या प्रकारांत इंजिनास धोका नाहीं.

एक नळी कढत आणि दुसरी गार लागली, तर पाणी कोरच्या तोंडाशीं येऊन अडत आहे. एक तर नळीवरची तोटी बंद राहिली आहे, नाहीं तर कोर आंतून चोंदला आहे. दोन्ही नळ्या गार लागल्या, तर पाणी तिकडे पोहोंचतच नाहीं. अशा वेळीं मार्गांत हवा कोंडली असेल, पंपाचीं पातीं गंजून झिजलीं असतील, तोटी मिटलेली असेल, अथवा पूर्वींच्या एखाद्या मालकाच्या वेळीं कोणी तरी हीटरचा फांटाच तोडून टाकला असेल. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनीं या शेवटच्या शक्यतेकडे अवश्य लक्ष द्यावें.

चौथा प्रकार असा कीं, वारा अगदीं थंड नसतो, कोमट असतो. गाडी सिग्नलला उभी राहिली कीं ऊब वाढते आणि महामार्गावर वेग घेतांच नाहींशी होते; उष्णमानाचा कांटाहि मध्यापर्यंत चढत नाहीं. हें थर्मोस्टॅट उघडाच राहिल्याचें चिन्ह. पाणी सर्व काळ रेडिएटरांतून वाहतें आणि वेगाच्या वाऱ्यानें फाजील निवतें.

वॉल्व्ह काढून टाकण्याची चाल

हा थर्मोस्टॅट कित्येकदां बिघडलेला नसतो. तो काढून टाकलेला असतो. "आपल्या हवेंत याचें काय काम? काढून टाकला कीं गाडी तापायची नाहीं," असा सल्ला आपल्याकडील अनेक मेकॅनिक पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत. जुन्या काळीं, जेव्हां रेडिएटर लहान होते व झांकणें धड दाब धरीत नसत, तेव्हां ही तोड चालून गेली. आजच्या इंजिनांस मात्र ती अपायकारक आहे. इंजिन ठरलेल्या उष्णमानास पोहोंचलें नाहीं, तर तें अद्याप थंडच आहे असें समजून आंतील संगणक अधिक इंधन सोडीत राहतो. पेट्रोल व्यर्थ जातें, न जळलेला अंश तेलांत उतरून तेल पातळ होतें आणि दट्ट्यांची झीज वाढते. म्हणजे हीटरची ऊब तर जातेच, शिवाय महिन्याचा पेट्रोलचा खर्चहि वाढतो. गाडी तापत असेल तर ती कां तापते हें शोधावें. दार काढून टाकल्यानें मूळ रोग बरा होत नाहीं, केवळ त्याचें लक्षण झांकलें जातें.

नळाचें पाणी आणि कूलंट

कोर चोंदतो तो बहुधा आपल्याच हातानें. टाकींतला द्रव उणा दिसला कीं सोसायटीच्या माळ्याकडून बाटलीभर पाणी आणून ओतावयाचें, ही सर्वसाधारण रीत. मिरा-भाईंदरसारख्या ठिकाणीं तें पाणी टँकरचें किंवा विंधन विहिरीचें असण्याचा संभव पुष्कळ, आणि खाडीकांठच्या विहिरींचें पाणी बहुधा क्षारयुक्त असतें. बंबाच्या आंत जसा पांढरा थर धरत असे, तसाच थर या पाण्यानें कोरच्या बारीक नळ्यांत धरतो. त्यांत गंजाचा तांबडा गाळ मिसळला म्हणजे वाट बंद व्हावयास वेळ लागत नाहीं. रेडिएटरच्या मानानें कोरच्या वाटा अरुंद असल्यामुळें प्रथम चोंदतो तो कोर. पुढें तोच गाळ इंजिनाच्या मार्गांतहि बसतो.

खरें कूलंट म्हणजे ग्लायकोल, शुद्ध पाणी आणि गंज रोखणारीं द्रव्यें यांचें मिश्रण. ग्लायकोल व पाणी निम्मेंनिम घेतलें तर तें शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं, आणि साध्या पाण्याहून उशिरां उकळतें. मनाली, स्पिती किंवा लडाखकडे गाडी घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. साधें पाणी गोठतांना फुगतें आणि त्या जोरानें इंजिनाच्या भिंतीसहि तडा जातो. द्रवाच्या रंगावरून त्याची जात ठरत नाहीं. म्हणून गाडीच्या पुस्तकांत जें सांगितलें असेल तेंच वापरावें, निरनिराळ्या जातींचें मिश्रण करूं नये, आणि पुस्तकांतल्या मुदतीप्रमाणें तें बदलावें. ग्लायकोल चवीस गोड पण विषारी आहे. मुलें, मांजरें व कुत्रीं यांच्या हातीं-तोंडीं तें लागूं देऊं नये. काढलेलें जुनें कूलंट गटारांत न ओततां गॅरेजच्या स्वाधीन करावें.

कूलंट भरल्यानंतर हीटर थंड पडला, असाहि अनुभव येतो. मार्गांत कोंडलेली हवा हें त्याचें कारण. ती काढावयाची तर थंड गाडी पुढचीं चाकें थोडीं उंच राहतील अशा चढावर उभी करावी, हँडब्रेक लावून मागच्या चाकांस दगडाची अडण द्यावी, हीटरचें चाक तांबड्याकडे ठेवावें, झांकण उघडें ठेवून इंजिन मंद गतीनें चालवावें आणि बुडबुडे येणें थांबेपर्यंत कूलंट भरीत जावें. झांकण इंजिन थंड असतांनाच उघडलेलें असावें, हें पुन्हां सांगतों. द्रव उसळूं लागला तर दूर व्हावें. कांहीं गाड्यांत हवा काढण्यासाठीं स्वतंत्र स्क्रू असतो, आणि कित्येक नव्या गाड्यांत हें काम गॅरेजमधील उपकरणावांचून होतच नाहीं; तें पुस्तकांत पाहावें. चोंदलेला कोर साफ करण्याचें काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावें. दोन्ही नळ्या सोडवून, नेहमींच्या उलट दिशेनें, मंद धारेचें पाणी आंतून वाहवितात. जोराच्या धारेनें जुना कोर फुटतो. कोर बदलण्याची वेळ आली तर त्या वस्तूच्या किमतीपेक्षां मजुरी पुष्कळदां अधिक पडते, कारण बऱ्याच गाड्यांत त्यासाठीं सारा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

केव्हां गाडी हलवूं नये

कूलंट वारंवार कमी होत असेल, तर तें कोठें जातें याचा छडा लागल्यावांचून लांबच्या प्रवासास निघूं नये. कोर गळत असेल तर गाडींत गोडसर वास येतो, पुढच्या कांचेवर आंतून तेलकट साय धरते आणि पुढच्या बाकाखालचा गालिचा चिकट ओला होतो. आपल्याकडे गालिचा ओला होण्याचें दुसरें, निरुपद्रवी कारणहि आहे. गारव्याच्या यंत्राचें पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली कीं तें आंत सांडतें. तें पाणी स्वच्छ असतें, त्यास रंग, वास व चिकटपणा नसतो. या दोहोंतला फरक बोटावर घेऊन पाहतां लगेच कळतो. पाहून झाल्यावर हात मात्र धुवावे.

टाकींत सतत बुडबुडे येतात, तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ साय दिसते, मागून दाट पांढरा गोडसर वासाचा धूर निघतो, अशीं लक्षणें असतील तर हेड गॅसकेट फुटलें असण्याचा संशय घ्यावा. मग ती गाडी चालवीत नेण्याचा मोह टाळून दुसऱ्या गाडीनें ओढून न्यावी. ओढण्याचा खर्च नव्या इंजिनाच्या मानानें कांहींच नव्हे.

घाटांत कांटा तांबड्याकडे सरकूं लागला, तर प्रथम गारव्याचें यंत्र बंद करून हीटर पूर्ण सोडावा. उन्हाळ्यांत हें चमत्कारिक वाटेल. पण त्या लहान रेडिएटरानें इंजिनाची कांहीं उष्णता बाहेर पडते व पुढच्या सपाटीपर्यंत निभाव लागतो. अशा वेळीं हीटरमधून कढत वारा आला तर पाणी अजून फिरत आहे असें समजावें. थंड वारा आला तर तेथेंच थांबावें.

हीटर नीट चालूं लागल्यावरहि एक पथ्य पाळावें. इंजिन व हीटर चालू ठेवून बंद गाडींत झोंपूं नये, आणि बंद गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. झोंपलेल्या माणसास तो उठूं देत नाहीं.

आपल्या हवेंत त्याचा उपयोग

हीटर केवळ थंडीसाठींच आहे असेंहि नाहीं. श्रावणांतल्या पावसांत घोडबंदर रस्त्यानें जातांना चार माणसांच्या श्वासानें कांच आंतून धुरकट होते व पुढचें दिसेनासें होतें. अशा वेळीं गारव्याचें यंत्र व हीटर दोन्ही एकदम लावून वारा कांचेवर सोडावा. पहिलें यंत्र हवेंतला ओलावा शोषून घेतें, दुसरें ती कोरडी हवा तापवितें, आणि कांच झपाट्यानें स्वच्छ होते. उलट, कांच फार गार झाल्यामुळें धुकें बाहेरून धरलें असेल, तर वायपर फिरवावा व आंतला गारवा कमी करावा. धुकें आंतलें कीं बाहेरचें, हें कांचेस बोट लावून पाहतां कळतें.

गाडी गॅरेजमध्यें द्यावयाची झाल्यास नुसतें "हीटर चालत नाहीं" असें न सांगतां, कांटा कोठपर्यंत चढतो, टाकींत कूलंट किती आहे, दोन्ही नळ्या कशा लागतात, आणि ऊब उभ्या गाडींत येते कीं धांवत्या गाडींत, हें सांगावें. एवढें ऐकल्यावर चांगल्या मेकॅनिकचें निम्में काम होतें, आणि विनाकारण डॅशबोर्ड उतरविण्याची सूचनाहि सहसा पुढें येत नाहीं. दोन नळ्या परस्परांस जोडून कोर वगळण्याचा तोडगा सुचविला गेला, तर तो प्रवासांतली तात्पुरती सोय म्हणूनच स्वीकारावा. नळ्यांचीं तोंडें नुसतीं बुचांनीं बंद करूं देऊं नयेत, कारण कांहीं इंजिनांत पाणी फिरण्याच्या वाटेचाच तो एक भाग असतो.

शेवटीं एक लहानशी संवय सुचवितों. महिन्यांतून एकदां, गाडी महामार्गावर तापलेली असतां, पांच मिनिटें हीटर लावावा. खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणजे भाईंदरच्या उकाड्यांतहि तें सोसतें. तार व फळी हलती राहतात, कोरमधून पाणी वाहतें, आणि वारा कढत आला म्हणजे त्या महिन्यापुरती पाण्याची खात्री पटते. हें काम करावयास मेकॅनिक नको, हत्यार नको. घरांतील गाडी चालविणाऱ्या लेकी-सुनांपैकीं कोणीहि बाजारांतून परत येतां येतां तें करूं शकेल. मात्र नाशिकला किंवा महाबळेश्वरला निघावयाचें असेल, तेव्हां ही परीक्षा निदान आठ दिवस आधीं करावी, म्हणजे वारा थंड आला तरी दुरुस्तीस अवकाश राहील.